पाकिटावरचा बुक्का

कासारवाडी,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय सोनल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, हिची लग्नपत्रिका आली. तसलं काही नाही, निवांत बस. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर आणि मी तुला पोस्टाने लिहितेय, म्हणजे माझं डोकं फिरलंय असंही समजू नकोस. फोनवर काही बोलायचं नाही असं वकीलसाहेबांनी बजावलंय. हो, वकील. मी कंपनीवर केस टाकली आहे.

तू लग्न करून चाकणची नोकरी सोडलीस, त्यानंतरचं थोडक्यात सांगते. आपल्या वायरिंगच्या लाईनला नवीन लाईन लीडर नेमायची होती. परीक्षा झाली, मुलाखत झाली, दोन्हीत मी पहिली. जागा मिळाली सृष्टीला. तीच सृष्टी, जिला वायरचं टोक प्रेसमध्ये कसं धरायचं ते मी माझ्या मशीनवर उभं करून शिकवलं. पोरगी वाईट नाही, तिच्यावर राग नाही. एचआरच्या गणराज सरांना जाऊन विचारलं, माझं कुठे चुकलं? ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "कामात काहीच नाही. पण लाईन लीडरला खंडेनवमीला मशीनची पूजा करावी लागते, सगळ्यांना सोबत घेऊन चालावं लागतं. तुम्हाला ते जड जाईल." जड जाईल हे कुणी सांगितलं, असं विचारल्यावर हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्याच आठवड्यात माझी बदली स्टोअरला झाली. आता मी खोकी मोजते.

मग मी औद्योगिक न्यायालयात पक्षपाताची तक्रार केली. कंपनीचं उत्तर मागच्या महिन्यात आलं. त्यात लिहिलंय की २०२१च्या खंडेनवमीला मी "आमच्यात हे चालत नाही" असं सांगून पूजेचं ताट हातात घ्यायला स्वतःहून नकार दिला. सोबत आपल्या लाईनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज छापून जोडलेत. त्यात एक मेसेज असा आहे, जो मी ग्रुपवर नव्हे, एकाच मुलीला पाठवला होता. म्हणून फोन बंद.

सोनल, तो दिवस तुला आठवत असणारच. जिन्याखाली आपण दोघी होतो आणि समोर सुपरवायझर मुरारीभाऊ. चौथं माणूस नव्हतं. मग ते वाक्य शब्दाला शब्द कंपनीच्या कागदात कसं गेलं? मुरारीभाऊंना गाठून विचारलं, तर त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावून सांगितलं की आपण कुणाजवळ बोललो नाही. मला माणसं आता खरी वाटेनाशी झाली आहेत. स्टोअरमध्ये कुणी "जेवलीस का" विचारलं तरी वाटतं, हा का विचारतोय?

ते वाक्य मी बोलले हे खरं आहे. का बोलले ते तुला माहीत आहे. वकीलसाहेबांना मी एवढंच सांगितलंय की कारण वेगळं होतं. ते खोदून खोदून विचारतात. तुझ्या परवानगीशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण तू साक्षीला आलीस तर केस उभी राहते. नाही आलीस तर मीच नको म्हणाले असं कायमचं ठरेल.

तुझी,
सादिका


आळंदी,
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय सादिका,

पत्र मिळालं. आमच्याकडे टपाल दुकानात येतं, त्यामुळे आधी सासूबाईंच्या हातात पडलं. "कुनाचं गं?" म्हणाल्या. मैत्रिणीचं म्हटलं, तर पाकीट दोनदा उलटंपालटं करून दिलं. इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे, तुळशीच्या माळा, टाळ, बुक्का, गोपीचंदन. दिवसभर काळ्या बुक्क्याच्या पुड्या बांधून नखं काळी होतात. ओमच्या गाड्यांचा धंदाही बरा चाललाय, चाकणच्या कंपन्यांमध्ये कामगारांची ने-आण करतो. अब्बांच्या गॅरेजचं काय? अम्मीचा गुडघा?

तुझ्यावर अन्याय झालाय यात शंका नाही. सृष्टी आणि लाईन लीडर, हे ऐकून मला हसू आणि रडू एकदम आलं. पण खरं सांगू, त्या दिवसाचं मला आता नीट आठवत नाही. करोनानंतरची पहिली पूजा होती, सगळा गोंधळच होता. मुरारीभाऊंवर मात्र पटकन विश्वास ठेवू नकोस. त्यांचा पुतण्या नुकताच कंपनीत कायम झालाय असं मी ऐकलं. माळेची शपथ घेणारे आमच्या दुकानात रोज येतात.

साक्षीचं म्हणशील तर माझं सासर कसं आहे तुला ठाऊक आहे. सुनेने कोर्टाची पायरी चढायची म्हणजे इथे घरोघरी चर्चा. जरा थांबून बघ. कंपनीच काहीतरी तडजोड करेल.

काळजी घे.

सोनल


कासारवाडी,
१५ ऑक्टोबर २०२४

सोनल,

तुला आठवत नाही हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि इतके दिवस उत्तर दिलं नाही. मला आठवतं. बाकी सोड.

आता खंडेनवमीला काय झालं ते ऐक. स्टोअरवाल्यांना दरवर्षी कुणी विचारत नाही. यंदा गणराज सर स्वतः आले आणि म्हणाले, सादिका, लाईनवर या, आज पूजा तुमच्या हातून. मला तिथेच वास यायला हवा होता. लाईनवर गेले तर झेंडूच्या माळा लागलेल्या, सगळ्या मुली रांगेत, आणि एक पोरगा मोबाईल धरून उभा. सृष्टीने खाली मान घालून ताट माझ्या हातात दिलं. मी एका क्षणात हिशोब केला. नाही म्हटलं तर, बघा, आम्ही म्हणतच होतो. हो म्हटलं तर, बघा, हिला कुणी अडवतच नाही, मग तक्रार कसली? दोन्हीकडून मीच खड्ड्यात.

ताट घेतलं. हळद-कुंकू वाहिलं, आरती ओवाळली. भक्तीने नव्हे, संतापाने. इतकी वर्षं त्याच मशीनला मी मनापासून फूल वाहिलं. अब्बांच्या गॅरेजमध्येही त्या दिवशी पोरं पाने-स्पॅनर मांडून पूजा करतात आणि अब्बा पेढे वाटतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. परवा पहिल्यांदा वाटलं, कारण परवा ती पूजा नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, हा व्हिडिओ पुढच्या तारखेला कोर्टात येणार, आणि ते सांगणार की ही आता केससाठी नाटक करतेय, खरं ती २०२१ला बोलली तेच. म्हणजे फिरून सगळं जिन्याखालच्या त्या एका वाक्यावर येतं.

आणखी एक. तुझं पत्र मला मिळालं तेव्हा पाकिटाची पट्टी एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली होती, आणि कडेला काळा डाग होता, बोटाचा. मला ते ग्रीस वाटतंय. कंपनीतलं कुणीतरी आपली पत्रं वाचतंय का? मुरारीभाऊही आळंदीकडेच राहतात. पोस्टमनशी ओळख काढायला कितीसा वेळ लागतो? तू पत्र टाकतेस कुठे, कुणाच्या हातात देतेस, ते कळव.

सादिका


आळंदी,
२४ ऑक्टोबर २०२४

सादिका,

घाईत लिहितेय. पत्र दुकानातल्या गल्ल्याशेजारी ठेवते, पोस्टमन चहाला आला की घेऊन जातो. त्यात कंपनीचं कुणी कसं येणार? तू उगाच सावल्यांना घाबरतेस.

आणि मला एक सांग, ही पत्रं तूच लिहितेस ना? अक्षर तुझं आहे, पण "ते एक वाक्य", "शब्दाला शब्द", ही भाषा वकिलाची वाटते. मी काहीतरी लिहून द्यावं आणि तो कागद तू कोर्टात ठेवावास, असं तर नाही ना? मला कुणी तसं म्हणालं. कोण ते विचारू नकोस.

काही दिवस लिहू नकोस. घरात प्रश्न विचारतात.

सोनल


कासारवाडी,
११ नोव्हेंबर २०२४

सोनल,

कोण म्हणालं ते विचारत नाही, मला कळलंय. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर नवीन बस उभी होती. पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरात तुमच्या घराण्याचं नाव आणि खाली आळंदी. ड्रायव्हरला विचारलं. म्हणाला, दिवाळीपासून आपल्या कंपनीचं कंत्राट ओमशेठला मिळालंय. तू पहिल्याच पत्रात "चाकणच्या कंपन्या" असं लिहिलंस. त्यातली एक आमची होणार होती, एवढं मात्र लिहायचं विसरलीस.

दुसरं, तो काळा डाग. अब्बा आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घालत आलेत. मी त्यांना पाकीट दाखवलं. त्यांनी नाकाला लावलं आणि म्हणाले, बेटा, ग्रीसला एवढा छान वास असता तर मी अत्तराचं दुकान टाकलं असतं. तो बुक्का आहे, सोनल. पत्र तुझ्या घरातच उघडलं जातंय. आणि मी मात्र मुरारीभाऊंकडे बघणं सोडलं होतं, त्यांचा नमस्कारही घेत नव्हते.

मग मी शांतपणे बसून विचार केला. जिन्याखाली तीन माणसं होती. मी बोलले नाही. मुरारीभाऊंनी सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, त्यांना तीन वर्षं थांबायचं कारण काय? राहिलं कोण? तू मला एवढंच लिही, हो किंवा नाही. तू सांगितलंस का? बसच्या बदल्यात सांगितलंस का?

त्या दिवशी मी एक सेकंदही विचार केला नव्हता गं. तू रडत होतीस आणि माझ्या तोंडातून जे आलं ते मी बोलून गेले. आज त्याच वाक्याने माझा गळा धरलाय आणि तुला आठवत नाही. मला तुझा फार राग आलाय.

सादिका


आळंदी,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय सादिका,

हो आणि नाही, दोन्ही. सगळं सांगते.

तुझं पत्र वाचून मी ओमला सरळ विचारलं. तो म्हणाला, त्यात काय एवढं? गाड्यांच्या बोलणीसाठी गणराज सरांकडे बसलो होतो, तुझ्या मैत्रिणीचा विषय निघाला, मी सहज बोललो. तेव्हा तुझी मुलाखत व्हायची होती. मी त्याला ते कधी सांगितलं होतं तेही आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, गप्पांमध्ये. मी म्हटलं होतं, आमची सादिका एकदा ‘आमच्यात हे चालत नाही’ असं सांगून पूजेला नाही म्हणाली, तिला एकटं वाटू नये म्हणून मीसुद्धा तिच्याबरोबर बाजूला थांबले. तो कौतुकाने माझ्याकडे बघत होता. मी अर्धीच गोष्ट सांगितली होती आणि त्या अर्ध्या गोष्टीत मीच चांगली ठरले होते. तीच अर्धी गोष्ट आता तुमच्या कोर्टात पोचली आहे. बसच्या बदल्यात मी काही सांगितलं नाही. पण माझ्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर बस आली, हे नाकारत नाही.

आणि बुक्का. बरोबर ओळखलंस. तुझी पत्रंही मला पट्टी ओली असताना मिळतात. कोण उघडतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून तर मी तसली पत्रं लिहीत होते.

म्हणून आता पुढचं तुझ्यासाठी नाही, सादिका. तुला ते माहीत आहे. पुढचं, आई, तुमच्यासाठी. तुम्ही पोथी वाचता तसं ओळीखाली बोट धरून हे वाचत असाल. तोंडावर सांगायचं धाडस मला दोन वर्षांत झालं नाही.

आई, त्या खंडेनवमीला पूजेचं ताट मी आणि सादिकाने घ्यायचं ठरलं होतं. माळा मी ओवल्या, ताट मी मांडलं, प्रत्येक मशीनला कुंकू मी लावलं. आणि आरतीच्या जरा आधी मला कळलं की मला पाळी आली आहे. तुम्हाला माहीत आहे आमच्या माहेरी कसं असतं, तुमच्यासारखंच. मी जिन्याखाली जाऊन रडत बसले. सांगितलं असतं तर सगळ्या मशीन धुवून पूजा पुन्हा मांडली असती, मोठे साहेब ताटकळले असते, आणि दोनशे माणसांना कशामुळे ते कळलं असतं. न सांगता ताट धरायची मला भीती वाटत होती. सादिका शोधत आली. तेवढ्यात मुरारीभाऊ आले आणि म्हणाले, पोरींनो, ताट धरायला चला. मी वर बघेना. तेव्हा सादिका म्हणाली, "भाऊ, मला नको, आमच्यात हे चालत नाही. आणि सोनलला माझ्यापाशी राहू द्या." मुरारीभाऊ गेले. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि स्वतःच्या पिशवीतून मला लागणारी वस्तू काढून दिली.

दिवाळीच्या तोंडावर मुरारीभाऊंच्या उजव्या हाताचं बोट प्रेसखाली गेलं. तेव्हापासून मला वाटतं ते माझ्यामुळे गेलं. मी कुंकू लावलं होतं ना त्या प्रेसला. म्हणून मला आठवत नव्हतं, सादिका. आठवलं की ते बोट दिसायचं.

आई, आता हे तुम्ही ओमला सांगा, मला घरी पाठवा, दुकानात बसू देऊ नका, काय करायचं ते करा. मला सादिकाच्या साक्षीला जायचं आहे.

सोनल


कासारवाडी,
२ डिसेंबर २०२४

सोनल,

यावेळी पट्टीवर बुक्क्याचे दोन डाग होते. एक उघडताना, एक चिकटवताना. म्हणजे पोचलं.

तुझ्यावर संशय घेतला त्याची माफी मागू की नको, हे मला ठरवता येईना, कारण संशय अर्धा खराच निघाला. राग अजून थोडा आहे. तू मला तुझ्या गोष्टीत बिचारी केलंस, हे जास्त लागलं. पण बोटाचं मला माहीत नव्हतं. एवढं तू एकटी घेऊन बसली होतीस?

वकीलसाहेबांना तुझ्या पत्रातलं सांगू का? तू हो म्हटल्याशिवाय नाही. तसं ते म्हणतात, ज्या बाईच्या नवऱ्याची बस त्याच कंपनीच्या गेटवर उभी राहते, तिला साक्षीला उभं करू नका, ती ऐन वेळी फिरेल. मला रोज सकाळी वाटतं ते म्हणतात ते खरं आहे, आणि दुपारपर्यंत वाटतं नाही.

तारीख फेब्रुवारीत आहे. सोबत कागदावर लिहिली आहे. कोर्टात पाळी हा शब्द मोठ्याने उच्चारावा लागेल, समोर गणराज सर असतील, टंकलेखन करणारा माणूस तो शब्द टाइप करेल. तू नाही आलीस तर मी तुला दोष देईन, खोटं कशाला बोलू. पण तुझं नाव मात्र घेणार नाही.

सादिका


आळंदी,
९ डिसेंबर २०२४

सांग त्यांना.

सोनल


कासारवाडी,
१० मार्च २०२५

प्रिय सोनल,

तू साक्ष देऊन जी निघालीस ती थेट बसस्टॉपवर. मी मागे धावले, पण वकीलसाहेबांनी अडवलं. नंतरही कळवायचं टाळलं, कारण कंपनीच्या साक्षीदाराचा जबाब व्हायचा होता. परवा झाला. आता सांगते.

खरं सांगू, तू दारातून आत येईपर्यंत मला खात्री नव्हती. आत आल्यावरही नव्हती. कंपनीच्या वकिलाने जेव्हा विचारलं की मैत्रिणीसाठी तुम्ही ही कथा आज रचताय का, आणि तू दाराकडे बघितलंस, तेव्हा मला वाटलं, संपलं. ती फिरली. मी तर खाली जमिनीकडे बघायला लागले. मग तू म्हणालीस, "साहेब, रचायचीच असती तर मी बरी काहीतरी रचली असती. त्या दिवशी चालत नव्हतं ते मला. तिला नाही. तिला कुणी विचारलंच नाही." टाइप करणाऱ्याचे हात थांबले. न्यायाधीशांनी त्याला सांगितलं, जसं बोलल्या तसं घ्या. गणराज सर मोबाईलमध्ये बघत होते, आणि मोबाईल बंद होता.

परवा मुरारीभाऊ उभे राहिले. कंपनीने त्यांना पढवून आणलं होतं हे दिसत होतं. नकार दिला का? दिला. कुणाला दिला? मला. मग आमच्या वकीलसाहेबांनी विचारलं, त्याआधी आणि त्यानंतर सादिका पूजेला काय करत असे? मुरारीभाऊ बराच वेळ पाणी पीत राहिले. शेवटी म्हणाले, "रांगोळी तीच काढायची, साहेब. दर साली." तेवढंच. पण तेवढं लिहिलं गेलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला जिन्याशी बोलावलं. जिना बघून मला हसूच आलं, आमचं सगळं जिन्याखालीच घडायचं. इकडे तिकडे बघितलं आणि माझ्यापुढे उजवा हात धरला, तो अर्ध्या बोटाचा. म्हणाले, "सोनलीला सांग. प्रेसचं कव्हर आमी काढून ठेवलं हुतं, माल लवकर निघावा म्हनून. वरून सांगितलं हुतं तसं. त्या कुंकवाचा न् माज्या बोटाचा काय बी संबंध न्हाई. पर ह्ये मला कोर्टात इचारू नका, पुतन्या हाय माजा आत." मी विचारलं, हे आता का सांगताय? तर म्हणाले, तिचा जबाब वकिलाने वाचून दाखवला, प्रेसला कुंकू तिने लावलं होतं हे ऐकून पोरीच्या मनात काय बसलं असेल ते कळलं, त्यापासून जेवण गोड लागत नाही.

मला अजूनही कळत नाही, ते खरंच वाईट वाटून बोलले की आम्ही कव्हरचा विषय काढू नये म्हणून. दोन्ही असेल. पण तुझ्यापुरतं ते खरं आहे, सोनल. बोट तुझ्यामुळे गेलं नाही.

निकाल कधी लागेल ते देव जाणे. कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवलाय: दुसऱ्या प्लांटला लाईन लीडर करतो, तक्रार मागे घ्या. मी म्हटलं, ह्याच लाईनला, आणि कारण लिहून. वकीलसाहेब डोक्याला हात लावून बसलेत.

तुझ्याकडचं कळव. ओम काय म्हणाला? तुला घरात घेतलं ना?

तुझी,
सादिका


आळंदी,
१९ मार्च २०२५

प्रिय सादिका,

मुरारीभाऊंचं वाचलं आणि दुकानाच्या मागे जाऊन पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि पुड्या बांधायला बसले. साडेतीन वर्षांनी त्या प्रेसचा आवाज माझ्या डोक्यातून गेलाय.

घरात घेतलं, कारण मी बाहेर काढण्याची वाटच बघितली नाही. ओम बोलत नाही. कंत्राट पुढे चालू ठेवणार नाही असं कंपनीने कळवलंय. तो म्हणतो, तुझ्या एका शब्दाने माझ्या दोन गाड्या बसल्या. मी म्हटलं, तुझ्या एका शब्दाने तिची बढती बसली. त्यावर तो उठून गेला. परत कधी बोलेल माहीत नाही. मला भीती वाटते आणि तरी मी म्हटलेलं परत घेणार नाही.

आता सासूबाईंचं. नोव्हेंबरातल्या त्या पत्रानंतर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचे, ओमला सांगतील, आज सांगतील, आणि त्या आपल्या शांतपणे टाळांना दोरी ओवत बसायच्या. मला वाटायला लागलं, उघडलं, पण वाचलंच नसेल का? की योग्य वेळेसाठी राखून ठेवलंय? साक्षीच्या दिवशी सकाळी नेमकी माझी पाळी आली. आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकघरात जायचं नसतं, मी बाहेरच्या खोलीत बसले होते आणि मनात म्हटलं, झालं, आज ह्या मला उंबऱ्याबाहेर सोडणार नाहीत. त्या आल्या. दुरूनच डबा सरकवला आणि म्हणाल्या, "बसलीस काय? गाडी चुकंल. कोर्ट म्हंजी काय देवघर हाय व्हय?"

एवढंच. संध्याकाळी परत आले तर माझं ताट नेहमीसारखं वेगळंच वाढलेलं होतं. त्या बदलल्या नाहीत, सादिका, मी तुला उगाच गोड काही सांगत नाही. पण डब्यात गूळपोळी होती.

आणि हो, हे पाकीट मी चिकटवत नाहीये. कुणाला थुंकी लावून उघडायचा त्रास नको. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, पोस्टमनने, ओमने, गणराज सरांनीसुद्धा. तडजोड करू नकोस.

तुझी,
सोनल

(खाली, पेन्सिलने, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत)

ह्ये मी वाचलं न्हाई. पोरी, गूळपोळी परत करीन, तुलाबी धाडीन. निकाल लागला की कळीव.
सोनलची सासू, पुतळाबाई